पाण्याने माणसाकडे यावं

आपल्या घरातली न्हाणीघरं धडधाकट माणसाच्या मापाने बांधलेली असतात. भिंतीवर साडेसहा-सात फुटांवर शॉवर बसवला की काम झालं, असं आपण धरून चालतो. तिथून पडणारी धार एकाच जागी पडते, हलायचं ते माणसाने. गुडघे धरलेल्या आजीने त्या धारेखाली उभं राहायचं, वळायचं, साबणाने मिटलेल्या डोळ्यांनी नळ चाचपायचा, आणि हे सगळं ओल्या फरशीवर. जगभरातल्या अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच लवचीक नळीचा, हातात धरायचा हँड शॉवर प्रत्येक घरात असावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याने फरक पडतो तो साधा, पण मुळातला. माणूस स्टुलावर बसतो आणि पाणी त्याच्याकडे येतं. पाठ, पावलं, काखा, जिथे हवं तिथे. प्लास्टरमधला हात बाजूला ठेवून बाकीचं अंग धुता येतं. मुख्य म्हणजे बऱ्याच जणांना आपली आंघोळ आपल्या हाताने करता येते. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घेताना जो संकोच होतो, तो दुखण्यापेक्षा जड असतो. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांत अपंगांसाठीच्या शॉवरची नळी किमान ५९ इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर असावी आणि शॉवर भिंतीवर अडकवून तसाच हातात धरूनही वापरता यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत पाणी पोचायला तेवढी लांबी लागतेच.

कुणी म्हणेल, बादली-मग असताना हे कशाला? बादलीने पिढ्यान्‌पिढ्या आंघोळी झाल्या, हे खरंच आहे. पण भरलेला मग म्हणजे जवळपास एक किलोचं वजन. ते वाकून उचलायचं, खांद्यावर न्यायचं, आणि हे वीस-पंचवीस वेळा. खांदा आखडलेल्या किंवा कंबर धरलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. दुसरी शंका पाण्याची, आणि दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रात ती रास्तच आहे. मिनिटाला आठ लिटर सोडणारा शॉवर पाच मिनिटं चालू राहिला तर दोन बादल्या रिकाम्या होतात. तोच साबण लावताना बंद ठेवला आणि धार हवी तिथेच धरली, तर दोन-अडीच मिनिटांत, एका बादलीत आंघोळ उरकते. बचत उपकरणात नसते, नळ वेळेवर बंद करण्यात असते.

तिसरी अडचण वरच्या मजल्यांची: टाकी जवळ, म्हणून पाण्याला जोर नाही. इथे हँड शॉवर उलट सोयीचा ठरतो. टाकीतलं पाणी शॉवरच्या दोनच मीटर वर असेल आणि शॉवर हातात घेऊन एक मीटर खाली आणला, तर मिळणारा दाब दीडपट होतो. त्यातला थोडा नळीत खर्च होतो, बाकीचा हाती लागतो. बसवणंही अवघड नाही. बहुतेक घरांत जुन्या शॉवरचा आटा अर्ध्या इंचाचा असतो. शॉवर उघडायचा, टेफ्लॉन टेप गुंडाळायची, वॉशर घालून नळी जोडायची. पथ्यं मात्र पाळावीत. पाणी मुठीवरच्या बटणाने न थांबवता नळावरच बंद करावं, म्हणजे नळीवर ताण राहत नाही. शॉवर पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवू नये, कारण पुरवठा खंडित झाला तर ते पाणी नळीत मागे ओढलं जाऊ शकतं. आणि शॉवरच्या हुकाला धरून उठू नये. आधाराची दांडी वेगळी, भिंतीत पक्की ठोकलेली हवी.

उरला शेवटचा आक्षेप: घरात म्हातारं कुणी नाही, गरज पडेल तेव्हा पाहू. २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींवर होती, आणि म्हातारपण हा काही गरजेचा एकच दरवाजा नाही. पाय मोडणं, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांपैकी काहीही तरुण घरातही येतं. तेव्हा घर दवाखान्याच्या धावपळीत असतं, प्लंबरला बोलवायला कुणाला सवड नसते. ज्या घरात सर्वांत अशक्त माणसाची सोय आधीच पाहिलेली असते, तिथे धडधाकटांची गैरसोय कधी होत नाही. हँड शॉवर रोज सगळ्यांनाच उपयोगी पडतो आणि एक दिवस कुणाचं तरी स्वावलंबन राखतो. ते राखण्याची तयारी सगळे ठणठणीत असतानाच करावी.