निष्ठा कोणाशी?

ध्वनियंत्रांचा शौक असलेल्या मंडळींत 'हाय-फाय' हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ कुणी मनात आणीत नाही. उच्च प्रतीची निष्ठा, हा तो अर्थ. तांबे, लोखंड आणि कागदी शंकू यांच्या जुळणीला नीतिशास्त्रातला एवढा भारदस्त शब्द लावावा, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. पण एकदा तो लावला म्हणजे पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ही निष्ठा नेमकी कोणाशी? गाणाऱ्याशी, मुद्रिकेशी, ऐकणाऱ्याच्या कानाशी, की त्याने मोजलेल्या पैशांशी?

बदलीच्या नोकरीत हा छंद फार जडतो. नव्या गावी ओळखीपाळखी होण्यास वर्ष जाते, आणि संध्याकाळ तर रोजच येते. निशातगंजात राहणारा आमचा एक स्नेही असाच या नादी लागला. रविवारी नक्खासच्या जुन्या बाजारात जावे, उघडे पडलेले रेडिओ चाळावेत, लाटूश रोडवरून तारा आणाव्यात, आणि सुट्टीवर घरी गेले की पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड धुंडाळून उरलेले सुटे भाग पैदा करावेत, असा त्याचा क्रम. डाख देताना बोटे पोळतात, परंतु जुन्या संचातील वाळलेले कंडेन्सर बदलल्यावर ती शंभर कंपनांची घुरघुर एकदम थांबते, तेव्हा होणारा आनंद खोटा म्हणता येणार नाही. आपल्या हातून एक वस्तू बरी झाली, एवढेच त्या आनंदाचे कारण असते. दिवसभर कागदावर शेरे मारणाऱ्या माणसाला हे समाधान किती दुर्मिळ असते, हे वाचकांस सांगावयास नकोच.

तथापि हा आनंद आणि 'आता आवाज सुधारला' हे विधान, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली अनुभूती आहे. दुसरा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. आमच्या स्नेह्याने एकदा फार मोलाची तार आणली आणि तिच्यामुळे तंबोरा 'उघडला' असे तो सांगू लागला. हिशेब साधा आहे. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या सामान्य तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. पाच मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. पुढे स्पीकरचे आठ ओहम उभे असतात. इतक्या अल्प भागात तंबोऱ्याला उघडण्यासारखे काय दडले असणार? पण कान हिशेब मानीत नाही, म्हणून आम्ही पडद्याआड तारा बदलून दहा वेळा परीक्षा घेतली. कोणती तार केव्हा लावायची ते नाणे उडवून ठरविले. दहांपैकी सहा उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजानेही दहांत सहा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव तीनांत एकाहून जास्त आहे. दहाच्या दहा आली असती तर गोष्ट वेगळी, कारण तसे केवळ योगायोगाने १०२४ वेळांत एकदाच घडते.

येथे कानाला लबाड ठरविण्याचे कारण नाही. आवाज किंचित मोठा झाला तरी तो अधिक चांगला वाटतो, इतकी ही इंद्रिये भोळी आहेत. वीस हजार कंपनांपर्यंतची श्रवणशक्ती माणसाला तारुण्यात लाभते आणि पन्नाशीपर्यंत तिचा वरचा मजला बहुधा रिकामा होतो. नेमक्या त्याच वयात चांगली यंत्रे घेण्याची ऐपत येते. दैवाचा हा विनोद सोसावाच लागतो. परंतु भोळेपणा निराळा आणि ठाऊक असून डोळे मिटणे निराळे. पडद्याची परीक्षा घेण्यास जो नकार देतो, त्याने आपल्या निष्ठेचा धनी केव्हाच ठरविलेला असतो.

स्वतः यंत्र बांधणारा या मोहातून सुटतो, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. विकत घेणाऱ्याला आपल्या पैशांचा अभिमान असतो, तर बांधणाऱ्याला आपल्या पोराचा; आणि पोराच्या गाण्याची आईने केलेली तारीफ कोणी प्रमाण मानीत नाही. निशातगंजच्या एका गल्लीत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. नव्या जुळणीचे वर्णन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि लखनवी अदबीने ते म्हणाले, "हुजूर, मशीन तो वही है, आपका जी बदल गया है." चार रुपये जास्त मिळविण्याची संधी असताना ज्याने हे सांगितले, त्याची निष्ठा कोणाशी होती हे उघड आहे.

मात्र खरे महत्त्वाचे प्रकरण तारेचे नसून गाणाऱ्याचे आहे. जुन्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण प्रारंभीच्या काळात सर्वच त्या वेगाने मुद्रित झाल्या नव्हत्या. ७५ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविली तर स्वर चार टक्क्यांनी चढतो, म्हणजे एका पट्टीतून पुढच्या पट्टीकडे दोनतृतीयांश वाट चालून जातो, आणि लयही तितकीच उडते. आपण मात्र ऐकून म्हणतो, 'बाईंचा आवाज जरा टोकदार होता, तान थोडी घाईची होती.' कैलासवासी गायिकेविषयी हा खोटा दाखला आपण देतो आणि त्याची आपल्याला जाणीवही नसते. खरखर काढून टाकण्याचेही तसेच. १९२५ साली विद्युत्-ध्वनिमुद्रण आले, त्यापूर्वी कर्ण्यातून मुद्रित झालेल्या गाण्यात खरखर आणि स्वराचा श्वास एकाच पट्ट्यात मिसळलेले असतात. गाळणी लावली की दोन्ही जातात. स्वच्छ केलेले गाणे कानाला सुखद होते, पण ते कोणाचे गाणे उरते? संस्कृत पोथीचा संपादक गाळलेल्या अक्षरांच्या जागी कंस घालतो. आपला छंदिष्ट कंस घालीत नाही, तो जागा भरून टाकतो.

याच शहरात, गोमतीच्या पलीकडे कैसरबागेत, १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज निघाले, आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. आज ते भातखंड्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. भातखंड्यांनी वकिली सोडून घराण्यांच्या चिजा कागदावर उतरविल्या. मींड, आंदोलन, श्रुतीचा बारकावा हे त्या लिपीत मावत नाही, हे उघड आहे. पण लिपीचे एक मोठेपण आहे: ती आपण गाणे आहोत असे सोंग घेत नाही. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या पानाला कोणी खयाल समजत नाही. ध्वनियंत्र मात्र गाणे होऊन समोर बसते, म्हणून त्याच्याकडून सत्याची अपेक्षाही अधिक करावी लागते.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची मुद्रिका नाही, जे काही उरले ते शिष्यांच्या गळ्यात उरले. उलट केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ पासून 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात चालली आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तबकडीच्या आवरणावर ती किती फेऱ्यांनी वाजवावी हेही चिन्हांनी कोरलेले आहे. अज्ञात ऐकणाऱ्यासाठी एवढी खबरदारी घेणारी माणसे मला कोणत्याही महाग तारेपेक्षा अधिक निष्ठावंत वाटतात.

राहिला प्रश्न स्नेह्याला सांगावे की न सांगावे याचा. तारेच्या बाबतीत मी म्हणेन, त्याने विचारले तर सांगावे, न विचारल्यास त्याचा आनंद त्याच्यापाशी राहू द्यावा; त्यात तिऱ्हाइताचे काही बुडत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र गप्प राहू नये, कारण ज्या गायिकेचा सूर चढला ती तक्रार करावयास येणार नाही. ती महागडी तार त्याने काढलेली नाही. परंतु गेल्या महिन्यात त्याने फिरत्या तबकडीला वेग कमी-जास्त करण्याची खुंटी बसविली आणि पट्टी जुळवून पाहण्यासाठी शेजारी एक हार्मोनियम आणून ठेवला आहे.