उतारवयातला अग्नी

‘आज पोट साफ झालं नाही,’ हे वाक्य वृद्धांच्या तोंडून आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातली व्यथा ऐकूच येईनाशी होते. पोट डब्ब होते, करपट ढेकरा येतात, दोन घासांतच जेवण पुरे वाटते. मग रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, दुर्बीण आत जाऊन येते आणि सारे रिपोर्ट निर्दोष निघतात. घरच्यांना हायसे वाटते. पण ज्याचे पोट दुखते तो त्या क्षणी अधिकच एकाकी होतो, कारण त्याच्या दुःखाला आता साक्षीदार उरलेला नसतो.

अशा वेळी मला बेलिस आणि स्टार्लिंग आठवतात. १८९९ साली लंडनच्या या दोघा शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की बाहेरून येणाऱ्या नसा छेदल्या तरी आतड्याची लाट थांबत नाही; अन्नाच्या मागे आकुंचन आणि पुढे शैथिल्य हा क्रम ते स्वतःच्याच बळावर चालवत राहते. त्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे आहे, आणि वयपरत्वे ते विरळ होत जाते असे अनेक अभ्यासकांना आढळले आहे. तिथे व्रण नसतो, गाठ नसते. रचना शाबूत असते आणि लय बिघडलेली असते. पचनाच्या अशा विकारांच्या निदानासाठी असलेल्या रोम निकषांनी २०१६ साली त्यांचे मूळ आतडे आणि मेंदू यांच्या परस्परव्यवहारात पाहिले, ते मला फार समंजसपणाचे वाटते. लयीचा भंग कोणत्याही छायाचित्रात उमटत नसतो.

आयुर्वेदाने वार्धक्य हा वाताचा काळ मानला आणि पक्वाशय, म्हणजे मोठे आतडे, हे त्याचे मुख्य स्थान. चरकसंहितेत तर न रोखण्याच्या तेरा नैसर्गिक वेगांवर स्वतंत्र अध्याय आहे. तो वाचताना मला शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातले आजोबा दिसतात. सकाळचा चहा झाल्यावर शरीर त्यांना हाक देते, पण मुलगा-सून कामाला आणि नातवंडे शाळेला निघायची असतात, संडास एकच असतो, आणि आयुष्यभर इतरांना आधी वाट करून देणारा तो माणूस भिडेपोटी ती हाक मागे सारतो. रोज मागे सारलेली हाक हळूहळू येईनाशी होते. एखाद्या आजी जोडीदार गेल्यावर रात्रीचा स्वयंपाकच सोडतात, दूध-पोळीवर निभावतात. त्यात लोहाच्या, कॅल्शियमच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्याही आतड्याला जड करतात. गावाकडचे घर, पंगतीतली जागा, जेवणाची ठरलेली वेळ, हे सारे सुटल्याचा हिशेब मन कदाचित विसरेल. उदर तो विसरत नाही, अशी माझी धारणा आहे.

म्हणूनच ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य मला निष्ठुर वाटते. साठीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, घटणारे वजन, शौचावाटे रक्त किंवा पंडुरोग असेल, तर आधी कसून तपासणी झालीच पाहिजे; वयाच्या नावावर ती टाळणे अक्षम्य आहे. परंतु तपासणीत काही सापडले नाही तरी दुखणे खरेच असते. घरातल्या वृद्धांच्या सगळ्या गोळ्या एकदा डॉक्टरांसमोर मांडा, इसबगोल देत असाल तर सोबत पुरेसे पाणी द्या, रात्री त्यांच्याबरोबर जेवायला बसा. आणि सकाळी चहानंतर संडास आधी त्यांना मोकळा करून द्या.