डॉक्टरांना न सांगितलेलं

पर्यायी उपचारांकडे जाणारा माणूस अडाणी असतो, असं शिकलेली माणसं सहज बोलून जातात. अमेरिकेत हा समज १९९० च्या पाहणीतच खोटा ठरला. डेव्हिड आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड हजारांहून अधिक प्रौढांना फोनवरून विचारलं, तेव्हा तिघांपैकी एकानं वर्षभरात असा काही ना काही उपाय केलेला निघाला. त्यात जास्त शिकलेल्यांचं आणि बऱ्या कमाईच्या लोकांचं प्रमाण अधिक होतं.

मग ही मंडळी आधुनिक वैद्यकावर चिडलेली होती का? जॉन अ‍ॅस्टिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच तपासलं. डॉक्टरांवरच्या नाराजीचा फारसा संबंध दिसला नाही. वेगळे उपचार घेणाऱ्यांची तब्येत तुलनेनं खराब होती. पाठदुखी, जुनाट वेदना, चिंता अशा तक्रारी त्यांच्या मागे लागलेल्या होत्या. शरीर आणि मन वेगळं काढता येत नाही, असंही त्यांना वाटत होतं. मुख्यतः पर्यायी उपचारांवर विसंबणारे एकूण पाहणीत पाच टक्केसुद्धा नव्हते. असे उपचार घेणाऱ्या बहुतेकांचं दोन्हीकडे चालू होतं.

आपल्याकडे याहून वेगळं काय आहे? रक्तदाबाची गोळी सकाळी, गुडघ्यासाठी काढा संध्याकाळी, आणि शेजारणीनं सुचवलेल्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या मधल्या वेळेत. घरातल्या कुणालाच यात विसंगती वाटत नाही.

गुण येतो, ही लोकांची साक्षही खोटी नसते. फक्त त्याचं श्रेय कुणाला द्यायचं, तिथं गफलत होते. गावोगावी कावीळ ‘उतरवणारे’ असतात. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि नाव होतं झाडपाल्याचं. पाठदुखीचंही तसंच. दुखणं अगदी असह्य झालं की माणूस नवा दरवाजा ठोठावतो, आणि त्यानंतर ते बहुधा थोडं कमी होणारच असतं.

पण माणूस मुळात तिकडे का जातो, याचं उत्तर मला संशोधक टेड कॅप्चुक यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगात जास्त सापडतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आतड्याच्या चिवट तक्रारीचे २६२ रुग्ण होते. काहींना नुसतं यादीत थांबवलं. त्यातल्या २८ टक्क्यांना आराम पडला. काहींना अ‍ॅक्युपंक्चरच्या खोट्या सुया दिल्या, बोलणं जेवढ्यास तेवढं ठेवलं. आराम ४४ टक्क्यांना. तिसऱ्या गटालाही सुया खोट्याच होत्या, पण उपचार करणाऱ्यानं पहिल्या भेटीत पाऊण तास बसून आपुलकीनं विचारपूस केली. तिथं आकडा ६२ वर गेला. उलट, २०१७ मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र मांडली गेली, तेव्हा भारतातल्या प्राथमिक तपासणीचा वेळ जेमतेम दोन मिनिटं निघाला. दोन मिनिटांत गोळी लिहून होते. झोप कशी लागते, भूक कशी आहे, घरी काय चाललंय, हे वैद्य विचारतो. ही गरज खरी आहे, आणि तिला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणं अन्यायाचं आहे.

विचारपुशीनं मात्र गाठ विरघळत नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगात ज्यांनी केवळ पर्यायी उपचार धरले, त्यांच्यात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला, असं अमेरिकेतला २०१८ चा अभ्यास सांगतो. ‘वनस्पतीचंच तर आहे’ हा दिलासाही फसवा आहे. झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांनी मनाच्या उभारीसाठी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली. त्यामुळे नवं हृदय टिकावं म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण घसरलं आणि शरीर ते हृदय नाकारू लागलं.

आयझेनबर्ग यांच्या पाहणीत असे उपाय करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल सांगितलंच नव्हतं. आपल्याकडेही काढ्याचं नाव काढलं की डॉक्टर रागावतील, म्हणून पेशंट गप्प बसतो. ‘आणखी काय काय घेता?’ हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा, आणि तो विचारताना डॉक्टरांच्या कपाळावर आठी नसावी. तरच खरं उत्तर मिळेल.