मुलांनी कोणास हसावे?

मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक बोधपर असावे की विनोदी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1828 साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ व इसापाच्या नीतिकथा प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून मुलांचे पुस्तक म्हणजे साखरेत घोळलेले औषध, ही समजूत आपल्या घरांत रुजली. 1906 साली वा. गो. आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढून त्यातील साखर पुष्कळच वाढविली. आणि पुढे ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याने व चिंगीने मुलांस मनसोक्त हसविले. मुलांस विनोद द्यावा की नाही, असे आता कोणी विचारीत नाही. तथापि त्याहून कठीण असा एक प्रश्न मागे उरलाच आहे. मुलांनी हसावे, हे खरे, पण कोणास?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांच्या कपाटापुढे सुचलेला नाही. तो बिद्रीच्या एका ओसरीवर सुचला. कागल तालुक्यातील हे गाव कोल्हापुराहून गारगोटीस जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्यात सर्वांस परिचित आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे बीडकडील ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या या भागात येतात व शिवारात त्यांच्या खोपी उभ्या राहतात. अशाच एका हंगामात आम्ही भाचीकडे मुक्कामास होतो. खोपीतली एक सात-आठ वर्षांची पोर कळशी घेऊन दारी आली आणि म्हणाली, “मही माय पाणी मागती.” भाचीची मुलगी तिच्याच वयाची. तिने ‘मही माय, मही माय’ असा ठेका धरून नाचावयास सुरुवात केली. ओसरीवरील मंडळी हसली. लपविण्यात अर्थ नाही; आम्हीही हसलो. ती पोर कळशी भरून निघून गेली.

विशेष हे की, हीच आमची नात त्या दिवाळीत पुण्यास गेली असता कोल्हापूरकडील मुलींच्या रिवाजाप्रमाणे “मी येतो, मी जातो” असे बोलली, म्हणून तेथील भावंडांनी तिला रडेपर्यंत हसून घेतले होते. स्वतःस लागलेली टोचणी दुसऱ्यास टोचू नये, एवढे शहाणपण तिला त्या अनुभवाने आले नाही. उलट आता आपल्याही खाली कोणीतरी आहे, याचाच तिला आनंद झाला. हसू हे स्वभावतः निष्पाप असते, असे मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

आमच्या लहानपणच्या गमतीच्या गोष्टी आठवू लागलो, तर त्यांत बहिरा, तोतरा, ठेंगू आणि खेडवळ गडी यांचीच गर्दी दिसते. परदेशांतही निराळे नव्हते. फ्रांकफुर्टच्या हाइन्रिख होफमान या डॉक्टराने आपल्या मुलासाठी रचलेले व 1845 साली छापलेले एक चित्रमय पुस्तक युरोपात घरोघर गेले. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने छाटून टाकतो! तेथे हास्याचा विषय खुद्द मूलच होते. याच्या बरोबर शंभर वर्षांनी, 1945 साली, स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन या लेखिकेने पिपी नावाची, पोलिसांस व शिष्ट बायकांस भंडावून सोडणारी मुलगी निर्माण केली. आणि पुढल्याच वर्षी एका प्राध्यापकांनी त्या पुस्तकावर कडक टीका केली. दुबळ्यांस हसणे समाजास खपते. मोठ्यांस हसू लागले की नीतीची आठवण होते.

या संदर्भात श्रीमती माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करू इच्छितो. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या लेखिका शब्द व चित्र दोन्ही स्वतःच्या हाताने सिद्ध करतात. 2014 साली त्यांस साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘राधाचं घर’ या मालिकेत घरातील माणसेच मुलीच्या नजरेने पाहिलेली आहेत. ‘बाबांच्या मिश्या’ या पुस्तकात अनू नावाच्या मुलीस आपल्या बाबांच्या मिशांचे अपार कौतुक आहे, विषय एवढाच. येथे हसू येते ते मोठ्या माणसाकडे पाहून; परंतु त्यात त्या माणसाचा पाणउतारा नाही. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्याच मिशांची ही गंमत आहे.

यावर कोणी म्हणेल की, बापाच्या मिशांस हसणारे मूल उद्या बापाच्या शब्दासही हसेल. ही भीती अगदीच पोकळ नाही. परंतु तीत आदर आणि धाक यांची गल्लत झाली आहे. धाकाचे हसू पाठीमागे, दाराआड होते, आणि त्यालाच विष चढते. जे मूल बापासमोर बसून त्याच्या मिशांस हसते, त्याचा बापावरील विश्वास त्या हसण्यातच दिसून येतो. शिवाय बाप ते हसू सोसू शकतो. त्याची जागा त्यामुळे हलत नाही. कळशी घेऊन दारी आलेल्या पोरीची जागा मात्र एका हशाने हलते. कोणास हसावे, याची कसोटी आमच्या मते हीच होय: ज्यास हसलो, त्यास आपल्यासह हसता आले पाहिजे.

दोन दिवसांनी ती पोर पुन्हा आली, तेव्हा आम्ही ओसरीवर नातीस ते मिशांचे पुस्तक वाचून दाखवीत होतो. कळशी खाली ठेवून ती खांबापाशी उभी राहिली. चित्र दिसेना, म्हणून आम्ही पुस्तक तिच्याकडे वळविले. ती खुदकन हसली व म्हणाली, “मह्या बापाच्या बी अशाच हायेत.” नातीने चित्राकडे एकदा, तिच्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, “खरंच? एवढ्या मोठ्या?” या खेपेस ‘मह्या’ या शब्दाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

एका पुस्तकाने खोप आणि ओसरी यांतील अंतर मिटले, असे आम्ही म्हणत नाही. हंगाम संपला, टोळी गावाकडे गेली, आणि त्या पोरीची शाळा त्या वर्षी कितपत झाली असेल, हे सांगावयास नको. परंतु मुलांसाठी पुस्तक निवडताना आता आम्ही त्यात बोध किती, हे पाहण्याआधी एक गोष्ट पाहतो: हे पुस्तक मोठ्याने वाचले, तर दारात उभ्या असलेल्या मुलास खाली मान घालावी लागेल काय?