किंमत, मोल आणि द्राक्षवेल

किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थी योजतो. परंतु भाषेने ते दोन ठेवले आहेत, त्या अर्थी त्यांत काही भेद असला पाहिजे. किंमत दुकानदार सांगतो. मोल ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. किंमतीहून मोल अधिक निघाले म्हणजे वस्तू 'स्वस्त पडली' असे आपण म्हणतो, आणि त्या दिवशी आपण इतरांहून थोडे शहाणे आहोत असे आपणांस वाटते. पगारदार मध्यमवर्गाच्या वाट्याला जे थोडे पराक्रम उरले आहेत, त्यांतला हा एक. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर तो एकमेवच. प्रश्न असा आहे की, हे शहाणपण केवळ हिशेबाचे आहे, की त्याला नीतीचीही काही बाजू आहे?

या प्रश्नाच्या विचारासाठी उदाहरण म्हणून आम्ही वाइनची बाटली घेणार आहोत. ते पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत आमच्या मागच्या दोन पिढ्या वाढल्या. वैद्याने दिलेले द्राक्षासव फडताळात देवाच्या तसबिरीशेजारी सुखाने नांदत असे. पण तीच द्राक्षे विलायती नावाच्या बाटलीत शिरली की त्यांना घराचे दार बंद होई. शिवाय आम्ही सरकारचे नोकर. केंद्रीय मुलकी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील बावीसावा नियम सार्वजनिक ठिकाणी मद्यपान करण्यापासून आम्हांस दूर ठेवतो, आणि ते योग्यच आहे. मद्याची सर्वथा निर्धोक अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले. तेव्हा हा लेख मद्याचा पुरस्कार नव्हे. परंतु किंमत आणि मोल यांच्यातील अंतर जितके या बाटलीत स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. आणि तिच्या मुळाशी असलेली वेल आता आमच्याच नाशिकच्या मातीत उभी आहे. म्हणून हे उदाहरण.

बालीगंजात राहणाऱ्या माणसाला गरियाहाटच्या बाजारात खरेदीचे शास्त्र फुकट शिकावयास मिळते. तेथे मासा घेणारा बंगाली गृहस्थ कल्ले उघडून त्यांचा रंग पाहतो, पोट बोटाने दाबून पाहतो, इलिश कोणत्या नदीची हे विचारतो आणि उत्तरावर विश्वास न ठेवता पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी निर्णय करतो. त्याच्यापुढे भाव सांगणाऱ्याचे फारसे चालत नाही. पण हाच गृहस्थ वाइनच्या दुकानात गेला की त्याचे सारे शास्त्र उंबरठ्यावर राहते. बाटलीला कल्ले नाहीत. ती दाबून पाहता येत नाही, उघडून चाखता येत नाही. दृष्टीआड सृष्टी! अशा वेळी माणूस ज्या दोन गोष्टी वाचता येतात त्या वाचतो : एक लेबल आणि दुसरी किंमत. मग जे महाग ते उत्तम, असा सोपा न्याय मनात तयार होतो. मोल ठरविण्याचे आपले काम आपण किंमतीवरच सोपवून मोकळे होतो.

हा न्याय कितपत खरा आहे, याची परीक्षा पाश्चात्यांनी मोठ्या चिकाटीने केली आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे लेबले झाकून ठेवल्या. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही वर्गांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली होती. २००८ साली कॅलिफोर्नियातच वीस जणांवर एक प्रयोग झाला. एकच वाइन त्यांना एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून देण्यात आली. नव्वदची म्हणून दिलेली त्यांना अधिक रुचली. एवढेच नव्हे, तर सुखाची नोंद घेणारा मेंदूचा भागही त्या वेळी अधिक जागा झाल्याचे यंत्राने दाखविले. म्हणजे हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना ती खरोखरच अधिक गोड लागली. त्याच वर्षी लेबल झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चवपरीक्षांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य माणसाला महाग वाइन किंचित कमीच आवडते असे आढळले. जाणकारांची गोष्ट मात्र निराळी होती. यावरून सारी वाइन सारखीच, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. निष्कर्ष इतकाच की, आपण पुष्कळदा द्राक्ष पीत नसून किंमत पीत असतो.

आणि ही किंमत तरी कोठून येते? जमीन, मजुरी, पिंप, वाहतूक आणि कर यांतून काही येते. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने नाशिकची बाटली हुगळीच्या काठी पोहोचेपर्यंत निरनिराळ्या राज्यांच्या अबकारी खात्यांना नमस्कार करीत येते. पण उरलेली किंमत, आणि तीच पुष्कळदा मोठी, येते ती रूढीतून. आणि रूढी कधी स्थिर नसते. ज्या बालीगंजात बसून आम्ही हे लिहीत आहो तेथे एकेकाळी युरोपियनांच्या बागबंगल्यांची वस्ती होती. अठराव्या शतकातील कलकत्त्याच्या साहेबाला माडेरा बेटाची वाइन प्राणप्रिय होती. जहाजाच्या पोटात उष्ण समुद्रांतून हेलकावे खात आल्याने ती बिघडत नसे, उलट सुधारते अशी तिची ख्याती होती. त्याच्या टेबलावरील तांबड्या वाइनला नोकरचाकर 'लाल शराब' म्हणत. पुढे रूढी पालटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर माडेराच्या वेलींवर रोग आले, आणि जी वाइन साहेबाच्या मेजावर रोज असे ती केवळ हौशी लोकांची होऊन बसली.

ऱ्हाईनकाठच्या रीस्लिंगची कथा अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला बोर्डोच्या नामांकित वाइनइतकी, क्वचित त्याहूनही अधिक किंमत येई. विसाव्या शतकात स्वस्त आणि गोडसर जर्मन वाइनचा बाजारात पूर आला. त्या पुरात चांगल्या रीस्लिंगचेही नाव बुडाले. वेल तीच, उतार तेच, नदीही तीच. गेली ती केवळ लोकांची मर्जी. २००४ साली 'साइडवेज' नावाच्या अमेरिकन चित्रपटातील एका पात्राने मर्लो जातीच्या वाइनला तुच्छ लेखले, आणि तेवढ्यावरून तिकडे मर्लोची पत घसरली व पिनो न्वारची वाढली. गंमत अशी की, हेच पात्र जी बाटली उराशी जपून ठेवते त्या शव्हाल ब्लाँमध्ये मर्लोचा मोठा अंश असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी आपल्याकडे म्हण आहे; येथे प्रकार उलटा झाला. हातात सोने होते आणि नावाला मात्र लोक नाके मुरडीत होते.

यातून काटकसरी ग्राहकाला एक सरळ नियम सापडतो : जेथून रूढी निघून गेली आहे, किंवा जेथे ती अजून पोहोचलेली नाही, तेथे शोधावे. शेनिन ब्लाँ ही फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील जुनी जात दक्षिण आफ्रिकेत विपुल पिकते आणि आपल्या नाशिकलाही मानवली आहे. तिच्यामागे शार्दोनेसारखा नावाचा दबदबा नाही, म्हणून ती पैशाला पुरून उरते. जड बाटली आणि सोनेरी छपाई यांसाठी पैसे मोजू नयेत. काच पिता येत नाही. 'रिझर्व्ह' हा शब्द स्पेनमध्ये कायद्याने बांधलेला आहे, पुष्कळ देशांत तो केवळ शोभेचा असतो. साध्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइनच्या बाबतीत हंगामाचे अलीकडचे वर्ष पाहावे. आणि बंगालच्या वैशाखात दुकानाच्या उन्हाच्या खिडकीत महिनोनमहिने उभी असलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती स्वस्त नसून मृत असते.

येथवर हिशेब झाला. आता नीतीकडे वळावयाचे. रूढी निघून गेली की ग्राहकाला लाभ होतो. मग तोटा कोणाला होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ऱ्हाईनपर्यंत जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, करांत सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारले. वाइनला शहरांत नवी प्रतिष्ठा आली होती. तिच्या भरवशावर पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींची लागवड केली. ही द्राक्षे आकाराने लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. फळबाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. थॉमसन सीडलेस पिकविणाऱ्याला एक व्यापारी नाही म्हणाला तर दुसरा मिळतो. वाइनची द्राक्षे पिकविणाऱ्याला कारखान्यावाचून गती नाही. मग २००८-०९ ची मंदी आली. मागणी घसरली, टाक्यांत साठा पडून राहिला, काही कारखान्यांनी द्राक्षे उचललीच नाहीत. मांडवावर पिकलेला माल पाहत बसणे अनेकांच्या नशिबी आले, आणि कित्येकांनी त्या वेली उपटून टाकल्या.

वेल लावल्यापासून तिचे नीट पीक हाती येण्यास साधारण तीन वर्षे लागतात. त्यानंतर एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधांच्या फवारण्या, अवकाळी पावसाची धास्ती, हे चक्र वर्षानुवर्षे चालते. रूढीला पालटण्यास एक चित्रपट पुरतो. शेतकऱ्याचे वर्ष आणि शहराची लहर यांची कालगणनाच निराळी आहे, आणि त्या दोहोंतील फरक ज्याच्या अंगावर येतो तो नेहमी शेतकरीच असतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. २०२३ साली फ्रान्समध्ये अतिरिक्त वाइन नष्ट करण्यासाठी २० कोटी युरोंची तरतूद करावी लागली, आणि खुद्द बोर्डोत हजारो हेक्टरांवरील वेली काढून टाकण्याची योजना निघाली. ज्या नावासाठी लोक पिढ्यानपिढ्या अधिक पैसे मोजीत आले, त्या नावालाही आपल्या लहान शेतकऱ्याचे रक्षण करता आले नाही.

तर मग स्वस्त बाटली शोधणे हे पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वस्ताई दोन प्रकारची असते. एकीत किंमतीतून मिरवणुकीचा भाग गळालेला असतो : जड काच, मोठे नाव, जाहिरात, शेजाऱ्याच्या डोळ्यांत दिसावयाची हौस. ही स्वस्ताई निर्दोष आहे. तिच्यात कोणाचे काही हिरावलेले नसते. दुसरीत किंमतीतून श्रमाचा भाग गळालेला असतो : अडलेल्याने नाइलाजाने विकलेला माल, न मिळालेली मजुरी. पहिली शोधणे हे शहाणपण आहे. दुसरीचा आनंद मानणे हे दुसऱ्याच्या घरातील लिलावात भांडी स्वस्त मिळाल्याबद्दल पेढे वाटण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, बाटलीवरून हे दोन प्रकार ओळखावयाचे कसे? बहुधा ओळखता येत नाहीत, हे खरेच आहे. शिवाय कारकुनाच्या पगारातून महिन्या दोन महिन्यांनी घेतलेल्या एका बाटलीने निफाड-दिंडोरीच्या बागा वाचावयाच्या नाहीत. आणि चैनीच्या वस्तूविषयी कर्तव्याची भाषा बोलणे काहींना हास्यास्पदही वाटेल. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु एक गोष्ट मात्र सर्वस्वी ग्राहकाच्या हाती असते, आणि तिला बाटलीच्या आत पाहावे लागत नाही. जे एकदा आपल्या जिभेने चांगले ठरविले, ते लोकांनी टाकले म्हणून आपण टाकू नये. रूढी गेल्यावर स्वस्त झाले म्हणून जो घ्यावयास येतो, त्याने पुढच्या वर्षी, दोन रुपये वाढले तरी, पुन्हा यावे. शेतकऱ्याला दयेची गरज नसते. पुढच्या हंगामातही कोणी विचारील, या खात्रीची असते. शोधक ग्राहक आणि निष्ठावान ग्राहक यांत हा भेद आहे. पहिला मोल ओळखतो. दुसरा ते ओळखून पाळतो.

आम्हां बदलीच्या माणसांना ही निष्ठा अंमळ अवघड जाते. तीन-चार वर्षांत गाव बदलते, वाणी बदलतो, दूधवाला बदलतो. कोठल्याच दुकानदाराच्या वहीत आमचे नाव फार काळ राहत नाही. ज्या गावी जावे तेथे जे स्वस्त आणि चांगले ते हुडकावे, बदलीचा हुकूम येताच पुढे निघावे, अशी आमची रीत बनून गेली आहे. ती वाइनपुरती असती तर चिंता नव्हती. परंतु मराठी नाटक, मराठी मासिक, गावाकडचा हातमाग आणि गावाकडची माणसे, यांच्याशीही आपण याच रीतीने वागू लागतो. चलती असेल तेव्हा कौतुक करावे, ती ओसरली की स्वस्तात मिळाले तर घ्यावे, नाहीतर विसरावे! मोल ठरविण्याचे काम जर खरोखर आपले असेल, तर ते ठरविल्यानंतर त्याच्या पाठीशी काही काळ उभे राहण्याचे कामही आपलेच आहे. किंमत रोज बदलेल. ती बदलणे हा बाजाराचा धर्म आहे. आपला धर्म त्याहून निराळा असावयास हवा.