अंगण खरंच वाकडं असेल तर?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी महिनाभर सांगत होत्या, "दादा, पोळपाट कलतोय." त्यांची पोळी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडे! म्हण सुचली की विचार करायचे कष्ट वाचतात. माझेही वाचले.

वास्तविक डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं म्हणींचं वागणं नाही. 'गर्जेल तो पडेल काय' हे वळवाच्या ढगाला ठाऊक नसतं. तो गडगडतो आणि वर गाराही टाकतो. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा दुसऱ्या म्हणीत काकडीलाही राजी असतो. प्रत्यक्षात तो बोरं, जांभळं, ऊस असं मिळेल ते खातो. 'पळसाला पाने तीनच' ही तरी बिनतोड वाटावी, तर वनस्पतिशास्त्र म्हणतं, त्या तीन पर्णिका. तिन्ही मिळून पान एकच!

पण म्हण खोटी निघाली म्हणून फारसं बिघडत नाही. १८९९ साली ऑक्सफर्डहून रेव्हरंड मॅन्वेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह निघाला. पुढे दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आला. कोशात म्हणीचा अर्थ सापडतो. ती कुणी कुणाला ऐकवली, ते सापडत नाही. खरी गोम तिथेच आहे. म्हण पाण्यासारखी उताराकडे धावते: सासूकडून सुनेकडे, साहेबाकडून शिपायाकडे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीलाच 'एका हाताने टाळी वाजत नाही' हे ऐकावं लागतं. आणि 'अंगण वाकडे' हे नाचणाऱ्याला सुनावतो कोण? बहुधा अंगणाचा मालकच.

एका रविवारी मावशींची सुट्टी होती. लाटणं माझ्या हाती आलं. पोळी एका कडेला जाड! पोळपाट उलटा केला, तर तीन पायांपैकी एकाचा टवका उडालेला. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, गुपचूप कलते. लाटणाऱ्यालाच ते कळतं.

सोमवारी नवा पोळपाट आणला. मावशींची पोळी आता सगळीकडून सारखी येते. माझी मात्र नव्या पोळपाटावरही जाडच राहिली. त्यावर एक म्हण आहे. या वेळी ती मी मलाच ऐकवली.