टेकडीवरचे पाहुणे

हंपीच्या हेमकूट टेकडीवर सूर्यास्त पाहायला प्रवासी जमतात. उघडा खडक. त्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची छोटी देवळं. त्यांतली काही तर विजयनगरच्या स्थापनेआधीची. अशा ठिकाणी आपण पाहुणे असतो. पण सूर्य कलला, की देऊळ नुसती फोटोची पार्श्वभूमी होऊन जातं. कुणाला छपरावर चढावंसं वाटतं. कुणाला खांबावर नाव कोरावंसं वाटतं.

कुणी म्हणेल, बहुतेक गाभारे रिकामे आहेत, मग मान कुणाचा राखायचा? ज्या हातांनी ग्रॅनाइटसारखा कठीण दगड छिन्नीनं घडवला, त्या हातांचा. कुणी म्हणेल, शतकं टिकलेल्या दगडाला माझ्या एका पावलानं काय होणार? एका पावलानं फारसं काही होत नाही, हे खरंच. पण तिथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणू शकतो. आणि झिजलेली नक्षी पुन्हा उगवत नाही. शिवाय खाली विरूपाक्षाच्या देवळात पूजा आजही चालते. ते देऊळ कुणाचं तरी रोजचं आहे. आपण मात्र पाहुणे असतो. म्हणून, मित्रहो, अशा ठिकाणी जाल तेव्हा थोडं लवकर पोहोचा. उजेड आहे तोवर आधी देऊळ डोळे भरून पाहा. सूर्यास्त त्यानंतर.